गाणारी उजवीकडेच बसायची

“हलू नकोस,” हे म्हणाले. “तुझं नाक म्हणजे त्रिकोणाचं तिसरं टोक आहे.”

मी हॉलच्या मधोमध लाकडी खुर्चीवर बसले होते. सुतळीचं एक टोक मीच बोटाने नाकाच्या शेंड्यावर दाबून धरलं होतं. दुसरं टोक ह्यांच्या हातात, आणि हे समोरच्या भिंतीपाशी गुडघे टेकून, दातांत खडू धरून बसलेले. आत गॅसवर दूध होतं. ते उतू जाणार हे मला कळत होतं, वासही यायला लागला होता. पण डावीकडचं माप झालं होतं आणि उजवीकडचं व्हायचं होतं. दूध गेलं. उजवीकडचं माप अर्ध्या इंचाने चुकलं, म्हणून डावीकडचं पुन्हा घेतलं.

ही १९९८ सालच्या मे महिन्यातली गोष्ट, कराडची. आमच्या मिस्टरांचं नाव हिंदुराव थोरवडे. सरकारी आयटीआयमध्ये एकतीस वर्षं त्यांनी मुलांना फिटरचं काम शिकवलं आणि त्या एप्रिलअखेर निवृत्त झाले. माप हा ह्यांचा धर्म. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं लागलं असेल तर ह्यांना घास गिळवत नसे. मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवत होते, तेव्हा मलाही मापाचं वावडं नव्हतं. पण माझं माप माणसाच्या अंगाचं, त्यात बोटभर इकडेतिकडे चालतं. ह्यांचं माप लोखंडाचं.

निवृत्त झाल्यावर हे काय करणार, ह्यावर आमच्या गल्लीत बरीच चर्चा झाली होती. कुणी म्हणे शेती करतील, कुणी म्हणे यात्रेला जातील. ह्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही, मलाही नाही. एक दिवस पुण्याला जाऊन येतो म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी टेम्पोतून आले. मागे दोन खोकी. एकेक उतरवायला दोन-दोन माणसं लागली. खोकी फोडली तर आत सागवानी रंगाचे दोन स्पीकर, माझ्या छातीला लागतील एवढे उंच. त्यांच्याबरोबर एक अँप्लिफायर, एक सीडी प्लेयर आणि एक इंग्रजी पुस्तिका.

मी म्हटलं, “हे कशाला?”

ह्यांनी उत्तर दिलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही. आमच्यात तेव्हा बोलणं बेताचंच होतं. भांडण वगैरे नव्हतं. मुलगी नीलू लग्न होऊन बडोद्याला गेलेली, घरात आम्ही दोघंच. दूध किती घ्यायचं, सिलेंडर कधी लावला, लाइटबिल कुठे ठेवलंय, एवढ्यावर दिवस निघायचा.

त्या पुस्तिकेने आमचं घर ताब्यात घेतलं. ह्यांनी ती शब्दकोश घेऊन तीन दिवस वाचली आणि तिचं मराठी सार वहीत उतरवून काढलं. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचं डोकं ह्यांचा समभुज त्रिकोण व्हायला हवा. स्पीकर मागच्या भिंतीपासून निदान दोन फूट पुढे हवेत, नाहीतर आवाज घुमतो. त्यांची तोंडं किंचित आत, ऐकणाऱ्याकडे वळलेली हवीत, आणि वरची बारकी जाळी कानाच्या उंचीला. ह्यातली एकही गोष्ट आमच्या हॉलला मानवणारी नव्हती. तेव्हा हॉल बदलायचं ठरलं.

शोकेस झोपायच्या खोलीत गेली, त्यामुळे कपाटाचं एकच दार उघडायला लागलं. टीव्ही स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावर जाऊन बसला. सोफा मागच्या पडवीत गेला आणि तिथे मांजराने तो आपला मानला. हॉलमध्ये उरली ती एक लाकडी खुर्ची, कारण पुस्तिकेच्या मते चांगला आवाज ऐकू येण्याची जागा एकच असते.

एवढी खोली रिकामी केल्यावर ती घुमायला लागली. मग हे रोज सकाळी खोलीभर फिरून टाळ्या वाजवायचे आणि कान देऊन ऐकायचे. शेजारच्या कुंभोजकरबाईंनी दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी, तुमच्याकडे आरती कसली चालते म्हणून विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्या जाताना माझ्या हातावर हात ठेवून गेल्या. घुमणं थांबवायला ह्यांनी माझ्या तीन गोधड्या मागच्या भिंतीवर खिळे मारून लावल्या. आईच्या जुन्या लुगड्यांची गोधडी मधोमध. मग कुंभोजकरबाई पुन्हा आल्या. गोधड्या विकायला काढल्यात की काय, म्हणून.

शेवटी त्या दुधाच्या सकाळी खडूचा त्रिकोण जमिनीवर उमटला. स्पीकर खुणांवर उभे राहिले. ह्यांनी अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला, सीडी लावली आणि खुर्चीत बसले. कुणा बाईंचा भूप होता. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होते. माझ्या तर अंगावर शहारा आला. एवढा भरलेला आवाज आमच्या घरात कधी झालाच नव्हता.

ह्यांचा चेहरा मात्र उतरला.

“उजवीकडे बसलीय,” हे म्हणाले.

“कोण?”

“गाणारी. दोन्ही स्पीकर सारखे वाजले की आवाज बरोबर मधून यायला हवा, समोर कुणी बसून गातंय असा. ही उजवीकडे सरकून बसलीय.”

तिथून पुढचे बारा दिवस आमच्या घरात त्या बाईंना मधोमध बसवायचे प्रयत्न झाले. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे ह्यांनी वर्कशॉपमध्ये हजारभर मुलांच्या डोक्यात भरलं होतं. तेच आता सुरू झालं. आधी डावा स्पीकर दोन बोटं पुढे घेतला. मग आणखी दोन. मग उजवा मागे. मग डाव्याची जागा उजव्याला आणि उजव्याची डाव्याला दिली. त्या दिवशी माझी कंबर धरली. मग वायरी बदलल्या. मग वायरींची टोकं पॉलिशपेपरने घासली. बाई उजवीकडेच. मग ह्यांना खिडकीचा संशय आला. उजवीकडे खिडकी आहे, काच आहे, तिच्यावर आवाज आपटत असणार. खिडकीला माझी चौथी गोधडी लागली. बाई उजवीकडेच.

मग ह्यांनी सगळा त्रिकोणच फिरवला. स्पीकर समोरच्या भिंतीपासून काढून बाजूच्या भिंतीपाशी आणले. एक स्पीकर बरोबर स्वयंपाकघराच्या दारात आला. त्याला हात लावायचा नव्हता, म्हणून मी चार दिवस मागच्या अंगणातून वळसा घालून स्वयंपाकघरात जात होते. एवढं करून गाणारी खिडकीकडून उठली, दाराकडे आली, आणि बसली ती पुन्हा ह्यांच्या उजव्या हाताला.

ह्या सगळ्यात त्या खुर्चीत बसायची मुभा मला फक्त नाकापुरती होती. तुला कसं ऐकू येतं, असं ह्यांनी एकदाही विचारलं नाही. मापाच्या कामात मत विचारायची पद्धत नसते.

शेवटी ह्यांनी पुण्याच्या दुकानाला फोन लावला आणि माल सदोष आहे असं कडक शब्दांत सांगितलं. दोन दिवसांनी दुकानातून यूनुसभाई आले. पन्नाशीचे असतील. दाढी पांढरी, हातात चामड्याची जुनी पिशवी. आयुष्य रेडिओ दुरुस्त करण्यात गेलेलं. त्यांनी गोधड्या पाहिल्या, खडूच्या रेघा पाहिल्या, आणि इतकं नीट बसवलेलं मी अजून कुणाच्या घरी पाहिलं नाही, असं मनापासून म्हणाले. मग खुर्चीत बसून, डोळे मिटून, त्यांनी अख्खा भूप ऐकला.

“सर, मधोमध आहे,” ते म्हणाले. “अगदी नाकासमोर.”

ह्यांना ते झोंबलं. पुन्हा ऐका म्हणाले. यूनुसभाईंनी पुन्हा ऐकलं. दोघांनी मिळून स्पीकर परत पहिल्या भिंतीपाशी, पहिल्या खुणांवर नेले. (माझा दरवाजा मोकळा झाला, मी देवाला नमस्कार केला.) तिथेही यूनुसभाईंना बाई मधोमध दिसल्या आणि ह्यांना उजवीकडे. शेवटी हे म्हणाले, की तीस वर्षं भोंगे ऐकून तुमचे कान गेलेत, तुमचा दोष नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. यूनुसभाई मात्र रागावले नाहीत. ते थोडा वेळ ह्यांच्याकडे बघत राहिले. मग ह्यांच्या डाव्या अंगाला जाऊन त्यांनी हळूच काहीतरी विचारलं. ह्यांनी उत्तर दिलं नाही, अँप्लिफायरची बटणं बघत राहिले. मला वाटलं, रागात आहेत.

पाण्याचा पेला परत द्यायला यूनुसभाई स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

“वहिनी, एक करा. सरांना त्याच खुर्चीत एकदा उलटं बसवा. स्पीकरकडे पाठ करून. आणि विचारा, गाणारी कुठं आहे.”

“त्यानं काय होईल?”

“तुम्ही विचारा तर. माझ्या तोंडून नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हे भाजीला गेले तेव्हा मी हात पुसले, सीडी लावली आणि पहिल्यांदा त्या खुर्चीत नीट टेकून बसले. बाई माझ्या समोर होत्या. हात पुढे केला तर तंबोऱ्याला लागेल अशा. मी खुर्ची उलटी केली, तर बाई पाठीमागे गेल्या, तरी मधोमधच. त्यातून मला काही उलगडा झाला नाही. पण यूनुसभाई पोकळ बोलणारा माणूस वाटला नव्हता.

हे आले. मी म्हटलं, एकदा पाठ करून बसून बघा. स्पीकरकडे पाठ करून कोण बसतं, असं ह्यांचं म्हणणं पडलं. तेव्हा मी ह्यांचंच शस्त्र काढलं.

“एका वेळी एकच गोष्ट बदलायची ना? स्पीकर बदलले, वायरी बदलल्या, भिंत बदलली. नुसती खुर्ची कुठं फिरवलीत?”

पिशवीतली मेथी माझ्या हातात देऊन हे उलटे बसले. मी गाणं लावलं.

“कुठं आहे?”

ह्यांनी उजवा हात वर केला आणि उजवीकडे दाखवला. “इकडे.”

आणि हात तसाच राहिला. कारण आतापर्यंत ‘इकडे’ म्हणजे खिडकी होती. आता ह्यांचा हात स्वयंपाकघराकडे होता.

हे उठले. खुर्ची सरळ केली. बसले, हात खिडकीकडे गेला. उठले, खुर्ची उलटी केली. हात स्वयंपाकघराकडे. मी मेथीची जुडी छातीशी धरून उभी. बदलायचं काय राहिलं होतं, ते ह्यांना माझ्या आधी कळलं असणार. तिसऱ्यांदा सरळ बसल्यावर ह्यांनी उजव्या हाताचं बोट उजव्या कानात घातलं, घट्ट. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “बंद का केलंस?”

मी काही बंद केलं नव्हतं. बाई ताना घेत होत्या. ह्यांनी सीडी प्लेयरकडे पाहिलं. त्याच्यावरचे हिरवे आकडे सरकत होते.

“शालन, चालू आहे?”

मी मान हलवली.

कानाच्या डॉक्टरांकडे दुसऱ्याच दिवशी सकाळी गेलो. त्यांनी ह्यांना काचेच्या खोपट्यात बसवून तासभर तपासलं. डावा कान गेलेला होता, पुरता. आज नव्हे, काही वर्षांपूर्वीच. कधी ताप येऊन गरगरलं होतं का, असं त्यांनी विचारलं. आलं होतं. सहा वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी हे आठ दिवस अंथरूण धरून होते, उठले की भिंती फिरायच्या. त्यात कानाची नस गेली असावी, असं डॉक्टर म्हणाले. वर्कशॉपमध्ये सगळेच ओरडून बोलतात, फोन उजव्या कानाला लावायची सवय, त्यामुळे ध्यानात आलं नाही. बरं होण्यातलं नाही. उजवा कान मात्र विशीतल्या पोरासारखा आहे.

ह्यांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला. आता स्पीकरच्या पुढे बसायचं कुठे?

“कुठंही बसा,” डॉक्टर म्हणाले. ह्यांना ते फार लागलं. बारा दिवसांच्या कामाची अशी वासलात.

घरी आलो तेव्हा अकरा वाजले होते. ह्यांनी आधी पुण्याच्या दुकानाला फोन लावून यूनुसभाईंना लाइनवर बोलावून घेतलं आणि उभ्याने माफी मागितली. पलीकडून ते काय म्हणाले कोण जाणे, पण हे हसले. मग येऊन खुर्चीत बसले. गाणं लावलं नाही. मी चहा आणला आणि नेहमीसारखी ह्यांच्या डाव्या हाताला स्टूल घेऊन बसले. जेवायला तिथेच, चहाला तिथेच. लग्न झाल्यापासून माझी जागा ती.

चहा अर्धा झाला आणि माझ्या मनात काहीतरी लख्ख झालं. मी स्टूल उचललं, खुर्चीला वळसा घातला आणि उजवीकडे येऊन बसले.

“त्या तापानंतरच्या संक्रांतीला,” मी म्हटलं, “विट्याहून परत येताना मी तुम्हाला एक विचारलं होतं.”

“काय?”

“अक्काला आपल्याकडे आणू या का?”

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. मूलबाळ नाही, नवरा गेलेला. विट्याला दिराच्या घरात मागच्या खोलीत एकटी राहायची, आणि तिचा चहा वेगळ्या भांड्यात व्हायचा. त्या दिवशी तिला भेटून आम्ही स्कूटरवरून परत निघालो होतो. मी मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली, तोंड ह्यांच्या डाव्या खांद्यापाशी. समोरासमोर विचारायचा मला धीर नव्हता. मागे बसलं की तोंड दिसत नाही, म्हणून तिथे विचारलं. हे गाडी चालवत राहिले. कराड आलं. घरात शिरल्यावर म्हणाले, चहा टाक. मी चहा टाकला. त्यानंतर त्या विषयाचं नावही मी काढलं नाही. आणि दुसऱ्याही पुष्कळ विषयांचं काढलं नाही.

ह्यांनी कप खाली ठेवला.

“मला ऐकूच आलं नाही.”

“ते आज कळलं.”

“परत का विचारलं नाहीस?”

“एकदा नाही म्हटल्यावर परत कोण विचारतं?”

“मी नाही म्हटलंच नव्हतं.”

“‘हो’ पण म्हटलं नव्हतंत.”

हे समोरच्या स्पीकरांकडे बघत बसले. मला वाटलं, आता विषय संपला. पण थोड्या वेळाने हे म्हणाले, “मला वाटायचं, तूच बोलायची बंद झालीस. नीलूचं लग्न झाल्यापासून. म्हटलं, आता रिटायर झाल्यावर दिवसभर ह्या अशा घरात बसायचं. म्हणून हे आणले. निदान कुणाचा तरी आवाज होईल.”

मी चहाच्या कपातली साय बोटाने काढत राहिले.

अक्का त्याच आठवड्यात आली. आणायला हे स्वतः गेले. नऊ वर्षं ती आमच्याकडे होती, आणि गाण्यातलं तिला काही कळत नसलं तरी ती खुर्ची तिने आल्याच्या दिवशी ताब्यात घेतली. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी आम्ही दोघं त्या रिकाम्या खोलीत, खडूच्या रेघांवर बसलो होतो, आणि ह्यांनी खुर्ची थोडी माझ्याकडे वळवून घेतली.

“अजून काय काय विचारलं होतंस?”

मी आठवू लागले. स्वयंपाकघरात ओट्यावर एक फळी मारून द्याल का. बडोद्याला आठ दिवस जाऊन यायचं का. पहाटे फिरायला मलाही नेत जाल का. कुंभोजकरांच्या मुलीच्या लग्नात नेसलेली ती निळी साडी कशी दिसली. एकातून एक निघत गेलं. ह्यांनी वही आणली नाही, माप घेतलं नाही, नुसतं ऐकत गेले आणि एकेकाचं उत्तर देत गेले. फळीला हो. बडोद्याला हो. फिरायला, उद्यापासून.

निळ्या साडीवर मात्र हे बराच वेळ थांबले. मग म्हणाले, ते ऐकू आलं होतं.